थोरल्याचं हाफ, धाकट्याचं फुकट

आमच्या गाडीत पूर्ण तिकीट काढणारा माणूस हल्ली दुर्मिळ झाला आहे. बायकांना अर्धं, बारा वर्षांखालच्या लेकरांना अर्धं, पासष्टीच्या पुढच्यांना अर्धं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. शाळेच्या पोरींचे पास वेगळेच. उरला तो मधल्या वयाचा पुरुष. तो बिचारा शर्टाच्या खिशातून नोटा काढायला लागला की मला त्याला चहा पाजावासा वाटायचा. एकदा बाजाराच्या दिवशी गच्च भरलेल्या गाडीत मी पूर्ण तिकिटं फक्त तीन फाडली होती. त्यातला एकजण चांगला सदुसष्ट वर्षांचा होता, हे मला ठाऊक होतं. शेजारी विहीणबाई बसल्या होत्या म्हणून त्याला कार्ड काढायची लाज वाटत होती.

मी बावीस वर्षं कंडक्टर होते. त्यातली बरीच वर्षं कळमनुरी-डोंगरकडा या पट्ट्यात गेली. लोकांना वाटतं, कंडक्टरचं काम म्हणजे घंटी वाजवायची आणि सुट्ट्या पैशांवरून भांडायचं. भांडण आहेच, मी नाही म्हणत नाही, आणि त्यात मी कमी पडले असंही कुणी म्हणणार नाही. पण खरं काम म्हणजे माणसाकडे बघून तो कोण आहे ते ठरवायचं आणि मशीनमध्ये त्याचं बटण दाबायचं. फुकट जाणाऱ्यालाही तिकीट द्यावंच लागतं, त्यावर शून्य रुपये छापून येतात. सवलत हवी तर आधारकार्ड दाखवायचं. कार्ड नसेल तर शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यालाही पूर्ण तिकीट. वाटेत कुठेही तपासणीचं पथक चढतं, आणि चूक सापडली तर प्रवासी हसत उतरून जातो आणि कंडक्टर लेखी खुलासा देत बसतो. त्यामुळे रस्त्यावर म्हैस आडवी आली तर ड्रायव्हर घाबरतो आणि पथकाची जीप उभी दिसली की कंडक्टर घाबरतो.

या मार्गावर एका फाट्यावर दर बाजाराला दोन म्हातारे भाऊ चढायचे. थोरले कोंडीबाआबा आणि धाकटे सटवाजीआबा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. शंभरावर मेंढरं आणि काही शेळ्या, सगळा कळप दोघांचा एकत्र. कोंडीबाआबा ऐंशीला टेकलेले, पण ताठ, डोक्यावर लाल पटका. सटवाजीआबा त्यांच्यापेक्षा पाचएक वर्षांनी लहान, वाकलेले, टक्कल पडलेले आणि अबोल. दोघं गाडीत चढले की थोरले पुढं व्हायचे, दोन बोटं वर करायचे आणि म्हणायचे, "दोन कळमनुरी." पैसे नेहमी तेच द्यायचे. सटवाजीआबांनी उभ्या जन्मात स्वतःचं तिकीट स्वतः काढलेलं नव्हतं. थोरला असताना धाकट्यानं खिशात हात घालायचा नाही, असा त्यांच्या घरातला शिरस्ता होता. दोघांचीही कार्डं कोंडीबाआबांच्याच पिशवीत असायची. मी दोघांना अर्धं तिकीट द्यायची आणि पुढं सरकायची. कार्डावरचं साल बघत बसायची कधी गरज पडली नव्हती.

मग पंचाहत्तरीवाल्यांना मोफत प्रवास सुरू झाला आणि मला साल बघावं लागलं.

त्या दिवशी दोन्ही कार्डं हातात घेतली, एकदा वाचली, चष्मा पुसून परत वाचली. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या कार्डावर जन्मतारीख बहुधा एक जानेवारीच असते, त्याचं मला नवल नव्हतं. नवल सालाचं होतं. कार्डाप्रमाणे कोंडीबाआबा एकाहत्तर वर्षांचे होते आणि सटवाजीआबा शहात्तर.

"आबा, तुमचं हाफ लागंल," मी कोंडीबाआबांना म्हटलं. "सटवाजीआबांना फुकट."

"उलटं बोलून राहिल्या बाई तुमी. थोरला मी हाय."

"कार्डावर तुमी धाकटे हाये."

इथं मी थांबायला हवं होतं. पण माझी जीभ अशी, की गाडीत पन्नास माणसं ऐकत असली म्हणजे तिला चेव येतो. मी म्हटलं, "आता धाकट्यासारखं वागा बरं आबा. दादांना खिडकीपाशी बसू द्या."

गाडी हसली. आमचे ड्रायव्हर रशीदभाई आरशातून बघत हसले. सटवाजीआबा मात्र खाली बघत राहिले.

कोंडीबाआबांचा चेहरा लाल झाला. "मशिनीला काय इचारता? मला इचारा. याला चालता येत नव्हतं तवा खांद्यावर घेऊन मेंढरामागं हिंडलोय मी."

"मशिनीत खांद्याचं बटन न्हाई, आबा."

गाडी परत हसली. त्यांनी स्वतःच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे माझ्या हातावर ठेवले. मग सवयीनं धाकट्याचे पैसे काढले, ते मी घेतले नाहीत, घेता येत नव्हते. ते पैसे हातात तसेच धरून म्हातारा कळमनुरीपर्यंत उभा राहिला. जागा होती तरी बसला नाही. उतरताना पिशवीतून धाकट्याचं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "घे. तूच मोठा झालास तर तुहं तूच सांभाळ."

आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. त्या दिवशी वाटली नव्हती. त्या दिवशी आगारात जाऊन मी ही गंमत चार जणांना सांगितली.

पुढच्या बाजारापासून सटवाजीआबा एकटे चढायला लागले. कार्ड पुढं करायचे, शून्याचं तिकीट घ्यायचे आणि दोघांच्या बाकावर बसून शेजारच्या जागेवर घोंगडी ठेवायचे. कुणी बसायला आलं तर म्हणायचे, "दादा येनार हाये." दादा काही यायचे नाहीत. दादा आमच्या मागून येणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये असायचे. एकदा जीपनं आम्हाला ओलांडलं तेव्हा मी पाहिलं, आत माणसं कोंबलेली आणि कोंडीबाआबा मागच्या फळीवर लोखंडी दांडा धरून उभे. ऐंशीचा म्हातारा, पटका सुटून वाऱ्यावर फडफडतोय. अर्ध्या तिकिटाच्या गाडीत बसायचं सोडून तो पूर्ण पैसे देऊन लटकत चालला होता. रशीदभाई म्हणाले, "बाई, ये आपकी मेहरबानी."

गोष्ट गाडीतून गावात गेली. माझा विनोद माझ्यापेक्षा जास्त फिरला. लोक कोंडीबाआबांना 'धाकटे आबा' म्हणायला लागले. त्यांच्या भावकीत लग्न निघालं. टॉवेल-टोपीचा मान घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याला पहिला देतात. नाव पुकारणाऱ्या माणसाला मंडपातून कुणीतरी ओरडून सांगितलं, "आधारकार्ड पाहून बोलवा." त्या शहाण्यानं खरंच सटवाजीआबांचं नाव आधी घेतलं. सटवाजीआबा जागचे उठले नाहीत. कोंडीबाआबा उठले आणि न जेवता घरी गेले.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटणी मागितली. पोळा झाला की मेंढरं निम्मी-निम्मी करायची, कळप वेगळा, चारणं वेगळं. दोन म्हाताऱ्यांनी साठ-सत्तर वर्षं एकाच कळपामागं काढली होती. ही खबर मला त्या फाट्यावर चढणाऱ्या एका बाईनं दिली आणि वर म्हणाली, "तुमीच तर म्हनलं व्हतं ना बाई गाडीत, धाकट्यासारखं वागा." मी तिला तिकीट द्यायचं विसरून पुढं गेले. बावीस वर्षांत असं तीन-चारदाच झालं असेल.

लावालावी आपण केली, निस्तरणंही आपल्यालाच आलं, असं म्हणून मी सुट्टीच्या दिवशी कळमनुरीच्या जीप स्टँडवर जाऊन उभी राहिले. कोंडीबाआबा फळीवरून उतरले, मला बघून तोंड फिरवलं.

"आबा, कार्डावरचं वय बदलता येतं. चला माझ्यासंगं."

"कशाला? मी धाकटा हाये ना."

अर्धा तास विनवण्या केल्या तेव्हा आले. कार्डं दुरुस्त करून देणाऱ्या माणसानं जन्माचा पुरावा मागितला.

"शाळेचा दाखला?"

"शाळा वस्तीवर आली तवा मला नातू झालता."

"जन्माची नोंद?"

"माय मेंढरामागं व्हती. मी कोन्त्या शिवारात झालो हे तिलाच याद नव्हतं. नोंद कुठं करनार?"

मग डॉक्टरांकडून वयाचा दाखला आणा, असं निघालं. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे गेलो. कोंडीबाआबा खुर्चीवर बसले आणि कुणी काही विचारायच्या आत त्यांनी मोठ्ठा आ केला.

डॉक्टर म्हणाले, "घसा दुखतो का?"

"दात बघा," आबा म्हणाले. "दोन दाती मेंढरू म्हंजे साल-सव्वा साल. चार दाती म्हंजे दोन. आठ दात जुळले की जवान. मंग झिजत्यात, मंग पडत्यात. मला एक बी न्हाई. सटवाजीला अजून चार हायेत. आता सांगा, थोरला कोन?"

"माणसाचं असं दातावरून नाही ठरवता येत, आजोबा."

"मंग मानसाचं कशावरून ठरवता?"

डॉक्टरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "कार्ड आणलंय का?"

आम्ही परत आलो. रस्त्यात आबा एकच वाक्य बोलले, "मेंढरू असतो तर बरं झालं असतं." मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

त्यानंतरच्या बाजाराला गाडीत गर्दी कमी होती. मी सटवाजीआबांच्या शेजारची घोंगडी उचलून तिथं बसले आणि त्यांना सरळच विचारलं, "आबा, कार्डावर असं उलटं लिहिलं कुनी?"

त्यांनी घोंगडी माझ्या हातून घेऊन मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "दादानं."

कार्डं काढायला माणसं गावात आली होती तेव्हा दोघांचं वय कोंडीबाआबांनीच सांगितलं होतं. थोरला असल्यावर धाकटा कशाला बोलेल. आता, मेंढरांच्या बाजाराची एक रीत आहे. आपलं जनावर विकायचं असेल तर त्याचं वय कमी करून सांगायचं, आणि दुसऱ्याचं घ्यायचं असेल तर जास्त आहे म्हणून अडून बसायचं. हयातभर वय हा शब्द या माणसानं फक्त बाजारात ऐकलेला. समोरच्यानं "वय किती?" असं विचारताच त्यांनी स्वतःचं कमी करून सांगितलं. मग धाकट्याकडे बोट करून "आणि यांचं?" विचारल्यावर, सवयीनंच, वाढवून सांगितलं.

"आन तुमी गप बसले?"

"दादा बोलून राहिला व्हता. मधी कसं बोलू?"

माझा संताप झाला. "अहो, मंग आता तरी सांगा ना गावाला. लोकं त्याला हसून राहिलेत, तो तुमच्यावर रागावून बसला, मेंढरं तुटून राहिली. आन चूक त्याचीच."

सटवाजीआबांनी माझ्याकडे पाहिलं. "थोरल्याची चूक चार मानसांत काढली तर तो अजूनच ल्हान व्हईल की, बाई."

मी उठून घंटीच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिले. बावीस वर्षं लोकांची वयं बघून तिकिटं देणाऱ्या बाईला या वाक्याचं काय करावं ते कळेना.

पोळा आठ-दहा दिवसांवर आला होता. त्या बाजारी गाडी फाट्यावर थांबली आणि दारात पहिला दिसला तो लाल पटका. कोंडीबाआबा. मागं सटवाजीआबा. थोरल्यांनी दोन बोटं वर केली.

"दोन कळमनुरी."

मी कार्डं मागितली. त्यांनी स्वतःचं दिलं.

"आन सटवाजीआबांचं?"

"त्याचं शेळीनं खाल्लं," कोंडीबाआबा म्हणाले. मुलीचं लग्न ठरल्याची बातमी सांगावी अशा आनंदानं म्हणाले.

मी सटवाजीआबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "वळणीवर सदरा टांगला व्हता. खिशासकट खाल्लं."

"मंग यांना पूर्ण तिकीट लागंल, आबा. दुसरं कार्ड निघतं, त्याला काही तकलीफ न्हाई. तवर—"

"लागू द्या. मी देतो ना." आणि थोरल्यांनी पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. स्वतःचं अर्धं, धाकट्याचं पूर्ण. मशीननं दोन तिकिटं काढली. दोघं जाऊन बाकावर बसले आणि घोंगडी खाली पायाशी गेली.

दोन फाटे पुढं गेलो नसू, तोच पथकाची जीप उभी. एक साहेब चढले, तरुण, नीटनेटके, हातात वही. तपासत तपासत सटवाजीआबांपाशी आले, तिकीट पाहिलं, टक्कल पाहिलं, परत तिकीट पाहिलं.

"बाई, यांना पूर्ण तिकीट?"

"कार्ड न्हाई त्यांच्याजवळ, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. अडाणी म्हाताऱ्यांना सवलत न सांगता पूर्ण तिकीट लावते, अशी एक तक्रार पुरे झाली असती. माझी निवृत्ती तोंडावर होती. साहेब सटवाजीआबांसमोर वाकले. "आजोबा, घाबरू नका. खरं सांगा. कार्ड आहे का जवळ? बाईंनी मागितलं होतं का?"

"मागितलं. न्हाई माह्याजवळ. शेळीनं खाल्लं."

"शेळी प्लास्टिक खाते?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. निम्मी गाडी मेंढरं-शेळ्यांवाल्यांची. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, त्याच्या शेळीनं चपलेचा अंगठा खाल्ला. दुसऱ्याच्या शेळीनं मोबाईलची वायर. एका म्हातारीनं सांगितलं, तिच्या शेळीनं लग्नपत्रिका खाल्ली आणि घरचे सगळे लग्न लागून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचले. ड्रायव्हरच्या मागं बसलेला एकजण उठून म्हणाला, त्याच्या काळ्या शेळीनं सातबारा खाल्ला, तलाठ्याला विचारा. प्रत्येकजण साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव आणि गाव सांगायला लागला. साहेब आधी ऐकत होते, मग त्यांनी वहीत लिहिलं. मी डोकावून पाहिलं. 'ओळखपत्र शेळीने खाल्ल्याने पूर्ण भाडे आकारले, योग्य.'

मग ते कोंडीबाआबांकडे वळले, दोघांचं सारखं नाक पाहिलं, त्यांचं अर्धं तिकीट पाहिलं, आणि तिकिटांवरूनच माणसं ओळखायची आम्हा लोकांची सवय, त्या सवयीनं म्हणाले, "म्हणजे हे तुमचे धाकटे भाऊ."

कोंडीबाआबा ताठ झाले. सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "व्हय. ल्हान हाये तो. पाच वर्सानं."

गाडीत कुणी हसलं नाही. साहेब उतरून गेले. मी घंटीची दोरी ओढली.

पोळा झाला. मेंढरांची वाटणी झाली नाही. कुणी रद्द केली असंही नाही, त्या विषयावर बोलणंच थांबलं. मी निवृत्त होईपर्यंत दर बाजाराला त्या फाट्यावर मला एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट फाडावं लागलं, आणि पंचाहत्तरीवाल्याला पूर्ण पैसे मोजायला लावणारी मी या मार्गावरची एकटीच कंडक्टर असेन.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. कळमनुरीला गाडी लागली. सगळे उतरले, हे दोघं शेवटी. कोंडीबाआबा आधी खाली उतरून दारापाशी उभे राहिले. सटवाजीआबांनी पायरीवर थांबून कमरेची तंबाखूची चंची सोडली आणि त्यातून चुना शोधायला लागले. मी त्यांच्या मागंच होते. चंचीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड होतं. अख्खं. एका दाताची खूण नाही.

मी पाहिलं. खाली उभ्या असलेल्या कोंडीबाआबांनीही पाहिलं. ते कार्डाकडे बघत राहिले, मग भावाकडे. त्यांच्या तोंडात दात नव्हते, त्यामुळे ओठ दाबले की सगळा चेहरा आत जायचा, तसा गेला. सटवाजीआबांना काही कळलं नाही, ते चुना शोधत होते.

मग कोंडीबाआबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, पुढच्या बाजाराला बी त्याचं फुलच काढायचं," म्हणाले, आणि धाकट्याच्या पुढं हात केला.

"दादा, उतरतो ना मी."

"गप. ल्हान हायेस," कोंडीबाआबा म्हणाले, आणि हाताला धरून त्यांनी त्याला खाली उतरवून घेतलं.